परिचर्येच्या वाटेवरचे पहिले प्रमाणपत्र

बारावीचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलींचे दूरध्वनी येऊ लागतात. त्यांतील पुष्कळ जणींना नर्स व्हायचे असते. प्रश्नही बहुधा एकाच घडणीचा असतो : "सर, प्रवेश मिळेपर्यंत आरोग्याचा एखादा छोटा कोर्स करून ठेवू का? दवाखान्यात काम मिळेल, घरी चार पैसे जातील आणि पुढे नर्सिंगलाही उपयोग होईल." प्रश्न समजूतदारपणाचा आहे. शेतमजुराच्या, वीटभट्टीवर जाणाऱ्याच्या किंवा नाक्यावर उभे राहून रोजंदारी शोधणाऱ्याच्या घरातील मुलीला एक वर्ष रिकामे बसणे परवडत नाही. मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर तिची पुढची पाच-सहा वर्षे अवलंबून असतात. कोणी त्या छोट्या कोर्सवर पाय ठेवून वर चढते, कोणी त्याच पायरीवर आयुष्यभर बसून राहते. दोघींच्या हुशारीत फारसा फरक नसतो. कोणता कागद घेतला आणि तो घेताना त्याची किंमत ठाऊक होती का, एवढ्यावर हे ठरते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सविस्तर मांडावा असे वाटले.

प्रथम शब्दांचा गुंता सोडवू. गावात पांढरे कपडे घालून दवाखान्यात वावरणारी प्रत्येक स्त्री 'सिस्टर' असते. कायदा तसे मानत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालचा आहे, आणि आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ साली झाला. त्याखाली मुंबईत महाराष्ट्र परिचर्या परिषद काम करते. या परिषदेच्या नोंदवहीत जिचे नाव आणि क्रमांक आहे ती परिचारिका. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा मंजूर केला, त्यातही नोंदणीचे हे तत्त्व कायम आहे. गणवेश शिवून मिळतो, टोपी विकत मिळते. नोंदणी क्रमांक मात्र परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय मिळत नाही.

असे मान्य मार्ग मुख्यतः तीन आहेत. सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी असून कला शाखेच्या मुलींनाही खुला आहे. जीएनएम तीन वर्षांचा आहे. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण असले की कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तेथे अर्ज करता येतो. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय व ४५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी ही अट ४० टक्क्यांवर येते. तिन्ही ठिकाणी वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी घेता येते, आणि नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो. प्रवेश परीक्षांचे नियम अलीकडे वरचेवर बदलत आहेत. त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर न विसंबता सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

या तिघांच्या बाहेर जे काही आहे ते सहाय्यकाचे प्रशिक्षण होय. मग त्याला 'नर्सिंग असिस्टंट' म्हणा, 'बेडसाइड असिस्टंट' म्हणा किंवा 'पेशंट केअर डिप्लोमा' म्हणा. सहाय्यकाचे काम हलके आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु ते परिचारिकेचे काम नव्हे, आणि परिचारिकेचा पगार तर नव्हेच नव्हे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. या देशात शरीराच्या सेवेचे काम कोणाच्या वाट्याला आले हे पाहिल्याशिवाय आपल्या मुलींसमोरचा प्रश्न नीट उमगत नाही. नाळ कापणे, वार पुरणे, मळलेली वस्त्रे धुणे ही बाळंतपणातली कामे विटाळाची मानली गेली आणि देशाच्या अनेक भागांत ती तथाकथित अस्पृश्य जातींतील स्त्रियांवर टाकली गेली. त्यांचे हातातले कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. त्या कसबाला मान नव्हता. मोबदला म्हणजे पसाभर धान्य आणि जुने लुगडे. पुढे इंग्रजी अमलात रुग्णालये आली, परिचर्येचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले, तेव्हा वरच्या जातींतील घरांनी विटाळाच्या धास्तीने आपल्या मुली तेथे पाठवल्या नाहीत. सुरुवातीच्या पिढ्यांत ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलीच प्रामुख्याने पुढे आल्या. म्हणजे तेच मलमूत्र, तेच रक्त, तीच जखम. पण त्याला ग्रंथ, परीक्षा आणि नोंदणी यांची जोड मिळताच त्याचा व्यवसाय झाला, आणि त्या व्यवसायाच्या दारात आपण उशिरा पोहोचलो. आजही मोठ्या रुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात उभे राहून पाहावे. झाडणारे कोण, बेडपॅन उचलणारे कोण, औषधाची ट्रॉली ढकलणारे कोण आणि खुर्चीत बसून नोंदी तपासणारे कोण, यांची आडनावे विचारली तर इतिहास संपलेला नाही हे ध्यानात येते. म्हणूनच 'छोटा कोर्स' हा शब्द आपल्या वस्तीत आला की मी सावध होतो. आपल्या लेकीला त्या जुन्याच कामावर नव्या नावाने पाठवले जात नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे.

समारंभांतून सावित्रीबाईंचे उदाहरण हटकून दिले जाते. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंतरावांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला, सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणत, आणि त्यातच प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हे स्मरण ठेवलेच पाहिजे. पण याच उदाहरणाच्या आडून काही मंडळी आपल्या मुलींना 'सेवा करा, पगाराकडे काय पाहता' असा उपदेश करतात, तो मात्र मान्य करता येत नाही. सावित्रीबाईंनी साथीत जीव दिला. सहा-सात हजारांवर बारा तासांची पाळी करवून घेणाऱ्या मालकाची सोय व्हावी म्हणून त्यांनी तो दिला नव्हता.

आता त्या छोट्या प्रमाणपत्रांकडे वळू. त्यांत सर्वांत जवळचे म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट, बोलण्यात जीडीए. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने त्याचा आराखडा केला असून राष्ट्रीय कौशल्य चौकटीत त्याला चौथ्या पातळीवर ठेवले आहे. काही महिन्यांचा हा अभ्यासक्रम असतो आणि त्यातला काही भाग रुग्णालयात पूर्ण करावा लागतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली, जी २०१५ पासून चालू आहे, तो विनाशुल्क शिकता येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण तोच अभ्यासक्रम भरमसाट शुल्क घेऊन विकणारेही आहेत.

यात शिकवतात काय? रोगी खाटेवर असतानाच त्याची चादर कशी बदलावी. स्वतःची कंबर न दुखावता त्याला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसे घ्यावे. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाही तर माकडहाड, टाचा, खुबे येथे त्वचा दबून शय्याव्रण होतात. अशी जागा लालसर दिसताच ती परिचारिकेला दाखवायची असते. अंग पुसणे, तोंडाची स्वच्छता, भरवताना ठसका लागू नये म्हणून पाठ उंच ठेवणे, किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली याचे माप लिहिणे, तापमान व नाडी घेणे. हात धुण्याची रीत. रुग्णालयातील कचऱ्याची वर्गवारी, जी २०१६ च्या नियमांनी ठरवून दिली आहे : रक्ताने भिजलेले बोळे पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. वाचायला हे क्षुल्लक वाटते. पण जीएनएमच्या पहिल्या वर्षात मूलभूत परिचर्या म्हणून जे शिकवले जाते त्याचा मोठा भाग हाच आहे. जिने तो आधी हाताने केला आहे तिला पहिल्या वर्षी पुस्तक आणि इंग्रजी यांच्याकडे अधिक लक्ष देता येते.

आणखी एक लाभ आहे, त्याची कोणी जाहिरात करत नाही. हे काम आपल्याला झेपते का, हे मुलीला स्वतःलाच कळते. विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी आतिसाराने पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतः धुऊन खाटेवर निजवल्याची कथा आहे. ती आपल्यापैकी अनेकांना माहीत असते. तिच्याच पुढे रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणे सांगितली आहेत, ती तितकीशी सांगितली जात नाहीत. औषध तयार करता यावे; रोग्याला काय मानवते व काय मानवत नाही हे कळावे; लोभाने नव्हे तर मैत्रीने शुश्रूषा करावी; मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस येऊ नये; आणि रोग्याचे मन योग्य बोलण्याने उभारता यावे. यातील पहिली दोन शिकवता येतात. चौथे मात्र कक्षात आठ दिवस काढल्याशिवाय कोणालाच स्वतःविषयी सांगता येत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी शुल्क भरून, वसतिगृहात खाट घेऊन मग हे उमगण्यापेक्षा आधी उमगलेले बरे.

जीडीएच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. त्यामुळे इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, औषध वाटणे, लघवीची नळी घालणे ही कामे तिची नव्हेत. लहान खासगी दवाखान्यांत ती बिनदिक्कत करवून घेतली जातात, कारण नोंदणीकृत परिचारिका महाग पडते. मुलीला वाटते, आपण शिकतो आहोत, आपल्यावर विश्वास टाकला आहे. एखादे दिवशी चुकीचे औषध गेले तर मात्र डॉक्टर म्हणेल, मी सांगितलेच नव्हते. आणि नोंदवहीत नाव नसलेल्या त्या मुलीच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही. तेव्हा 'हे माझे काम नाही, सिस्टरना बोलावते' हे वाक्य पहिल्या दिवसापासून म्हणायला शिकले पाहिजे.

दुसरी मर्यादा अनुभवाची. सहाय्यक म्हणून केलेली वर्षे परिचारिकेचा अनुभव म्हणून धरली जात नाहीत. एम्सच्या नॉरसेट परीक्षेचेच पाहा : जीएनएम झालेल्या उमेदवाराला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो पात्रता मिळाल्यानंतरचा असावा लागतो. आधी पाच वर्षे जीडीए म्हणून राबले तरी त्या रकान्यात शून्यच लिहावे लागते.

रक्त गोळा करणाऱ्याचे, म्हणजे फ्लेबोटॉमिस्टचे प्रमाणपत्रही हल्ली दिसते. शीर शोधणे, जांभळ्या, करड्या, निळ्या झाकणाच्या नळ्यांपैकी कोणती कोणत्या तपासणीसाठी हे ओळखणे, आणि रोग्याच्या खाटेजवळच नळीवर नाव लिहिणे, ही कौशल्ये परिचारिकेला निश्चित उपयोगी आहेत. तथापि तालुक्याच्या गावी हे काम प्रयोगशाळेचा तंत्रज्ञच करतो. फक्त रक्त काढणारी व्यक्ती ठेवणे मोठ्या शहरांतल्या मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडते. शहरात नातेवाइकांकडे राहण्याची सोय असेल तरच याचा विचार करावा. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम मुलांना फार आकर्षक वाटतो. पण महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत चालकासोबत डॉक्टर असतो, त्यामुळे या प्रमाणपत्राला इतर राज्यांत जेवढी मागणी आहे तेवढी येथे नाही. डीएमएलटीला मी या यादीत धरतच नाही. ती स्वतंत्र वाट आहे, परिचर्येची पायरी नव्हे.

परदेशातील नातेवाइकांकडून येणारा सल्ला हा एक वेगळाच घोळ आहे. अमेरिकेत नर्सिंग शिकणारे विद्यार्थी आधी नर्सिंग असिस्टंटचे प्रमाणपत्र घेतात आणि शिकता शिकता त्यावर नोकरी करतात, हे खरे आहे. तेथे १९८७ च्या संघीय कायद्याने या सहाय्यकाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली, आणि प्रत्येक राज्यात सहाय्यकांचीही नोंदवही असते. काही नर्सिंग महाविद्यालये तर प्रवेशासाठी हे प्रमाणपत्रच मागतात. आपल्याकडे यातले काहीच नाही. जीडीए केल्यामुळे जीएनएमच्या गुणवत्ता यादीत एका गुणाचीही भर पडत नाही. म्हणून तिकडचा सल्ला प्रेमाने ऐकावा आणि तिकडेच ठेवावा.

मग शिकता शिकता काय करता येईल? प्रामाणिक उत्तर : फारसे नाही. जीएनएम आणि बी.एस्सी. हे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, आणि प्रात्यक्षिकाचे तास तर पूर्ण भरून दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. दिवसा कक्षात ड्यूटी, दुपारी वर्ग आणि रात्री खासगी दवाखान्यात पाळी, असे करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांतील बहुतेकींचे शरीरक्रियाशास्त्र राहिले. शिष्यवृत्तीलाही पूर्णवेळ नोकरी चालत नाही. या काळात घेण्याजोगी प्रमाणपत्रे दोनच. एक प्रथमोपचाराचे, जे सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारखी संस्था अल्प मुदतीत देते. दुसरे बेसिक लाइफ सपोर्टचे, छातीवर दाब देऊन थांबलेले हृदय चालू ठेवण्याच्या कृतीचे. हे एका दिवसात होते, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनचे कार्ड दोन वर्षे चालते. मात्र बी.एस्सी.च्या सुधारित अभ्यासक्रमात प्रथमोपचार आणि जीवरक्षक उपचार हे घटक आता समाविष्टच आहेत. बाहेर पैसे भरण्यापूर्वी महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिकांना विचारावे.

म्हणजे छोट्या प्रमाणपत्राची खरी जागा बारावी आणि प्रवेश यांच्या मधल्या काळात आहे. तेथेही सर्वांना एकच उत्तर लागू होत नाही.

विज्ञान शाखेची मुलगी, गुण पात्रतेत बसतात, पण यंदा जागा हुकली आणि ती पुन्हा परीक्षा देणार : तिने विनाशुल्क जीडीए अवश्य करावा, परंतु तो प्रवेश परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी संपणारा असावा. तिने एएनएमच्या मागे लागू नये. एएनएम आणि मग जीएनएम यांत पाच वर्षे जातात, तर पदवी चार वर्षांत पदरात पडते.

कला शाखेच्या मुलीबाबत आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे, की तिला फक्त एएनएमच करता येते. तसे नाही. इंग्रजीसह ४० टक्के असतील तर जीएनएमचे दार तिला थेट उघडे आहे. एएनएम तिने केव्हा घ्यावे? घरची परिस्थिती अशी, की दोन वर्षांच्या पुढे थांबणे अशक्य आहे. किंवा तिला मनापासून गावपातळीवरचे काम हवे आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका हे एएनएमचे हक्काचे पद आहे. सपाट प्रदेशात पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरलेले आहे. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, प्रसूती ही त्या पदाची कामे आहेत. मान आहे, जबाबदारी आहे, आणि मुख्य म्हणजे नोंदणी क्रमांक आहे. माझ्या मते 'लवकर कमावायचे आहे' म्हणणाऱ्या मुलीसाठी एक वर्षाच्या कोणत्याही खासगी डिप्लोमापेक्षा दोन वर्षांचे एएनएम शंभर पटींनी चांगले. मुलांना एएनएम नाही. त्यांनी जीएनएम किंवा पदवीच पाहावी, आणि नर्सिंग बायकांचे काम म्हणून हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

आपल्याच शाळेच्या दोन मुलींचे येथे सांगतो, नावे न घेता. एकीने तालुक्याच्या ठिकाणी कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या एका संस्थेत 'डिप्लोमा इन नर्सिंग' केला. वर्षभराचा. शुल्कासाठी आईची पोत मोडली. शेवटी टोपी घालून छायाचित्र काढले, ते घरात भिंतीवर लागले. तीन वर्षे तिने एका दवाखान्यात अक्षरशः सर्व कामे केली. मग आरोग्यसेविकेच्या भरतीत अर्ज केला, आणि कागदपत्रांच्या पडताळणीच्या टेबलावर तिला नोंदणी क्रमांक विचारला गेला. तो नव्हताच. दुसरी मुलगी पहिल्या फेरीत हुकली, सरकारी योजनेतून जीडीए केला, सहा महिने वृद्धांच्या कक्षात काम केले आणि पुढच्या वर्षी जीएनएमला गेली. आज ती अधिपरिचारिका आहे. दोघींचे बारावीचे गुण जवळपास सारखे होते.

त्या पहिलीच्या संस्थेसारख्या संस्था ओळखायच्या कशा? प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काउंटरवर उभे राहून विचारावे, की प्रमाणपत्र कोण देणार : संस्था स्वतः, की एखादी मान्य परिषद? तिचे पूर्ण नाव कागदावर लिहून मागावे. भारतीय परिचर्या परिषद आपल्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची राज्यवार यादी प्रसिद्ध करते. त्यात नाव नसेल तर तेथे मिळणारे 'नर्सिंग' म्हणजे केवळ शब्द. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात आणि ते किती खाटांचे, हे विचारून त्या रुग्णालयात स्वतः जाऊन यावे. 'शंभर टक्के नोकरी' या पाटीला भुलू नये. सहाय्यकाची नोकरी कोणालाही मिळते, तिच्यासाठी पाटी लागत नाही. आणि बारावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या संस्थेत पाऊलही टाकू नये, कारण पुढच्या वर्षी खऱ्या प्रवेशाच्या वेळी तीच अडकून पडते.

पैशाविषयी. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाच्या काळात, १९४४ साली, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. तीत मोठ्या शहरांसाठी वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. पण एक खाचखळगा लक्षात ठेवावा. एका पातळीचे शिक्षण झाल्यावर पुन्हा त्याच पातळीचा दुसरा अभ्यासक्रम घेतला तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नाकारली जाऊ शकते. म्हणून मधल्या काळात वर्ष-दोन वर्षांचा कोणताही डिप्लोमा शिष्यवृत्तीवर घेण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन, पुढे जीएनएमला ती चालू राहील का, हे विचारून घ्यावे. काही महिन्यांच्या विनाशुल्क जीडीएत हा प्रश्न उद्भवत नाही.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. परंतु केंद्राच्या संस्थांसाठी जातीच्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. एम्ससारख्या ठिकाणी जाण्याची इच्छा असेल तर तोही तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा.

शेवटी एक छोटी गोष्ट, जिच्याकडे पालकांचे आणि संस्थांचेही दुर्लक्ष होते. जीडीए असो की जीएनएम, मुलगी रक्त आणि सुया यांच्याजवळ जाणार आहे. त्यापूर्वी तिला हिपॅटायटिस-बीची लस मिळालेली असावी. लहानपणी ती मिळाल्याची नोंद घरच्या कार्डावर नसेल तर डॉक्टरांना विचारून नव्याने घ्यावी. तिचे तीन डोस असतात : पहिला, त्यानंतर महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. ऑगस्टमध्ये कक्षात उभे राहायचे तर पहिला डोस फेब्रुवारीत, बारावीची परीक्षा सुरू होण्याच्या सुमारासच घ्यावा लागतो.